उघडं पान

संगणकाच्या बाईंना राग येत नाही, असा त्यांचा शाळेत लौकिक होता. एका खोलीत चाळीस मुलं, बावीस यंत्रं, त्यातली सहा कायमची अंथरुणाला खिळलेली, आणि तरी पंधरा वर्षांत बाईंचा आवाज कुणी व्हरांड्यापर्यंत आलेला ऐकला नव्हता. बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या, "हिच्या अंगात रक्त आहे की बर्फाचं पाणी, देव जाणे." बाई हसायच्या आणि माउसची गुंतलेली वायर सोडवत बसायच्या. त्यामुळे त्या वर्षी जे झालं ते बघून सगळे चाट पडले. बाई स्वतः सगळ्यात जास्त.

त्या वर्षी शाळेत ॲप आलं. हजेरी ॲपवर, गृहपाठ ॲपवर, बस कुठे पोचली तेही ॲपवर. बनवलं होतं संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयाने. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. पण आधीचे नऊ निदान आकाशात तरी असतात, हा थेट शाळेच्या ऑफिसात येऊन बसला. प्रत्येक मुलाचं एक पान, पानाला एक नंबर, आणि तोच नंबर मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेला. पालकांना फार कौतुक वाटलं. कारकुनाने महिनाभर मान मोडून सगळ्यांची माहिती भरली.

एका मंगळवारी दुपारी एका मुलाचा रक्तगट चुकल्याचं कुणीतरी सांगितलं. कारकुनाने त्या पानाची लिंक बाईंना पाठवली. बाईंनी ती उघडली आणि रक्तगट दुरुस्त करणार, इतक्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण पासवर्ड टाकलेलाच नाही. यंत्राला आधीचा आठवत असेल, म्हणून त्यांनी तीच लिंक स्वतःच्या फोनवर उघडून पाहिली. उघडली. शाळेचं वायफाय बंद करून पुन्हा टाकून पाहिली. पुन्हा उघडली. लिंकच्या शेवटी ११८७ होतं. बाईंनी ७ खोडून ८ केला.

दुसऱ्या वर्गातल्या एका मुलीचा चेहरा समोर आला. खाली नाव, वर्ग, घरचा पत्ता, आईचा फोन, बसचा क्रमांक, उतरण्याचा थांबा आणि उतरण्याची वेळ. वेळ मिनिटासकट.

बाईंना एकदम ठिपकी आठवली.

ठिपकी चौथीत होती. संगणकावर चित्र काढायला सांगितलं की बाकीची मुलं घरं आणि गाड्या काढायची, ही नुसते ठिपके द्यायची, शेकडो, आणि तास संपेपर्यंत त्यांतून एखादं मांजर उभं राहायचं. म्हणून ठिपकी. तिची आई कपडे दुरुस्त करायच्या दुकानात शिलाईकाम करायची. प्रवेशाच्या दिवशी तिने कोर्टाचा कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला होता. ठिपकीच्या वडिलांनी मायलेकींच्या जवळ यायचं नाही, असा तो कागद होता. आईने दोनच गोष्टी मागितल्या होत्या: मुलीचा फोटो कुठे लावू नका, आणि आमचा पत्ता कुणाला देऊ नका. हे सगळ्या शिक्षकांना सांगितलं गेलं होतं.

बाईंनी वर्गाच्या यादीतून ठिपकीचा नंबर काढला आणि टाकला. फोटोच्या जागी करडी सावली होती, तेवढं खरं. बाकी सगळं होतं. घर, थांबा, तीन वाजून चाळीस मिनिटं.

त्या कारकुनाकडे गेल्या. "हिचा पत्ता भरायचा नव्हता ना?"

"बाई, पत्त्याचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान येतच नव्हतं," कारकून म्हणाला. "आता मी काय करू?"

"मग पान काढून टाका."

"पान काढलं तर हजेरी लागत नाही. हजेरी नाही तर मुलगी शाळेतच नाही."

बाई तशाच मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि फोन त्यांच्यासमोर धरला. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातून जेवढं नुकसान होतं तेवढं वाईट माणसाच्या हातूनही होत नाही.

"हे कुणाकुणाला कळलंय?" त्यांनी विचारलं.

"मला."

"म्हणजे कुणालाच नाही. बाई, पालकांच्या कानावर गेलं तर आभाळ कोसळेल. तुम्ही जावईबापूंना लिहा, ते बघतील. तोवर गुळणी धरून बसा, एवढंच सांगतो."

बाईंनी जावईबापूंना सविस्तर लिहिलं. लिंक कशी उघडते, काय काय दिसतं, एका मुलीला का धोका आहे, सगळं. दोन दिवसांनी उत्तर आलं: "मॅडम, आकडे बदलून बघत बसायला तुमच्याकडे बराच वेळ दिसतो. एवढ्या मोठ्या इंटरनेटवर तुमच्या शाळेची पानं कोण शोधणार? सुट्टीनंतरच्या अपडेटमध्ये बघू."

बाईंनी पुन्हा लिहिलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या पत्राला उत्तरही आलं नाही. शाळा सुटताना बसच्या रांगेत ठिपकी दिसायची. तिच्या आईला फोन करावा असं त्यांना रोज वाटायचं. पण मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, नोकरी पंधरा वर्षांची होती, आणि आपण लेखी कळवलंय, आपलं काम केलंय, अशी मनाची समजूत घालणं सोपं होतं. बाईंनी ती घातली. अकरा दिवस घातली.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, तीन चाळीसला बस थांब्यावर लागली. बसमध्ये मुलांना सांभाळायला एक मावशी होत्या, साठीच्या, अंगाने भरभक्कम. प्रत्येक मुलाला हाताला धरून उतरवायचं आणि घरच्या माणसाच्या हातात द्यायचं, हे त्यांचं काम. ठिपकीची आई दुकानातून तशीच आली होती, गळ्यात मोजपट्टी. मावशींनी मुलीला खाली उतरवलं आणि फळवाल्याच्या गाडीमागून एक माणूस धावत आला. त्याने आईला असा धक्का दिला की ती पदपथाच्या कडेवर आपटली. मग त्याने ठिपकीचं दप्तर धरलं आणि तिला ओढायला लागला.

मावशींना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी मुलीला कवेत घेतलं आणि रस्त्यातच फतकल मारली. बसलेल्या मावशींना ओढणं म्हणजे रोवलेला खांब ओढणं. तो माणूस लाथा मारत होता, मावशी शिव्या देत होत्या, ड्रायव्हरने भोंग्यावर हात दाबून धरला तो सोडलाच नाही. दुकानांतून माणसं आली. त्याला धरलं.

मुलगी वाचली. आईचं मनगट मोडलं. मावशींच्या दोन बरगड्यांना तडा गेला.

पोलिसांनी विचारलं, पत्ता कुठून मिळाला? तो माणूस चक्क हसला. म्हणाला, "मी काही चोरी केलेली नाही. गूगलवर पोरीचं नाव टाकलं, पान आलं. शाळेनेच सांगितलं, कुठे उभं राहायचं ते."

शनिवारी सकाळी ही बातमी शिक्षकांच्या खोलीत पोचली. बाई पर्स घेऊन थेट ठिपकीच्या घरी गेल्या. घर कुठे होतं ते त्यांना माहीत होतं. सगळ्या जगालाच माहीत होतं.

एकच खोली होती. शिलाई मशीन दाराशी आणून ठेवलेलं, चार गाठोडी बांधलेली. ठिपकी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि कालपासून एक शब्द बोलली नव्हती. आईने प्लॅस्टरमधला हात सावरत बाईंना पाणी दिलं. "तुम्ही आलात, बरं वाटलं," ती म्हणाली. "शाळेतून दुसरं कुणी आलं नाही."

बाईंनी पेला खाली ठेवला. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"पान उघडं आहे, त्यावर तुमचा पत्ता आहे, हे. मी वर कळवलं. तीनदा लिहिलं."

"कधी?"

"अकरा दिवस झाले."

आईने दुखरा हात मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही वर कळवलंत. बाई, मी खाली राहते. मला का नाही कळवलंत?"

आईने पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"माझा नंबर होता ना तुमच्याकडे? त्या पानावरच होता ना?" आता तिचा आवाज चढायला लागला. "मला एक फोन. एक! मी त्याच दिवशी मुलीला घेऊन निघाले असते. तीन शहरं बदलली आहेत मी. शेजारीण नाव विचारते तेव्हा मी खोटं सांगते. या पोरीला वाढदिवसाला कुणाला बोलवता येत नाही. आणि तुम्ही अकरा दिवस पत्रं लिहीत बसलात? त्यांना, ज्यांचं काही जाणार नव्हतं!"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणू नका. गणित चुकतं, बाई. तुम्ही घाबरलात. जा आता. पोर ऐकतेय."

बाई घरी आल्या. नवरा वायरमन होता, सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातला पंखा खोलून बसला होता. बाईंनी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो मितभाषी माणूस, सगळं ऐकून घेतलं, हातातला स्क्रू डबीत टाकला आणि म्हणाला, "उघडी वायर दिसली तर मी आधी मेन स्विच पाडतो. मालकाला मग विचारतो."

एवढंच. पण तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते बाईंना त्या क्षणी कळलं. नवऱ्याचा राग नव्हता. ज्याने पत्त्याचा रकाना सक्तीचा केला त्याचा राग होता. "कुणालाच नाही" म्हणून सुस्कारा टाकणाऱ्याचा होता. "कोण शोधणार" असं लिहिणाऱ्या त्या बोटांचा होता. आणि स्वतःचा तर इतका होता की त्यांना बसवेना. लोक रस्त्यावर पेटी दिसली तर कुलूप ओढून बघतात. आणि इथे शेकडो पोरांची घरं, थांबे, वेळा सगळ्या दुनियेसमोर मांडून ठेवल्या होत्या आणि माणसं अपडेटची वाट बघत होती. अजूनही बघत होती, कारण बाईंनी फोन उघडून पाहिलं तर ते पान शनिवारी दुपारीसुद्धा तसंच उघडं होतं. आईचं मनगट मोडल्यावरसुद्धा!

सोमवारी चार वाजता शाळेने पालकांची सभा बोलावली. सभागृह भरलं. व्यासपीठावर अध्यक्ष, शेजारी मुख्याध्यापक, दाराशी जावईबापू हाताची घडी घालून. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. झालं ते दुर्दैवी आहे, पण हा एका कुटुंबाचा खाजगी प्रश्न आहे, शाळेचा त्याच्याशी संबंध नाही, आपलं ॲप पूर्ण सुरक्षित आहे, असं सगळं त्यांनी तुपात घोळवल्यासारखं सांगितलं.

मागच्या रांगेतून बाई उठल्या आणि चालत पुढे आल्या. पडद्याची वायर त्यांना कुठे लावायची ते माहीत होतं. पंधरा वर्षं त्याच लावत होत्या.

"ज्यांच्या फोनमध्ये ॲप नाही असं कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

एका आजोबांनी हात वर केला. बाईंनी त्यांचा फोन मागून घेतला आणि पडद्याला जोडला. मग अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, तुमचा नातू तिसरीत आहे. तुमची परवानगी असेल तर त्याचं पान उघडते."

अध्यक्षांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने मान हलवली, म्हणजे काही होत नाही. अध्यक्ष हसले. "खुशाल उघडा. पासवर्डशिवाय उघडलं तर मी ही खुर्ची सोडतो."

पुढच्याच रांगेत नातू आईच्या मांडीवर बसला होता, गळ्यात ओळखपत्र. बाईंनी त्यावरचा नंबर वाचला आणि टाकला.

पडद्यावर समोरचे दोन दात पडलेला एक हसरा चेहरा आला. खाली नाव. वर्ग. बस क्रमांक. बाईंचा अंगठा थांबला.

"याच्या खाली घरचा पत्ता आहे," त्या म्हणाल्या. "तो मी दाखवणार नाही. तेवढी लाज मला आहे." आणि त्यांनी वायर उपटली.

मग एक आई किंचाळली, "माझ्या मुलीचं पण दिसतं?"

"सगळ्यांचं दिसतं."

"कधीपासून?"

"ॲप आलं तेव्हापासून."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"दोन आठवड्यांपूर्वी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता व्हरांड्यातच काय, फाटकापर्यंत जात होता. "मी लिहिलं, पण तुम्हाला सांगितलं नाही. गप्प बसा म्हणाले, मी बसले. त्याची काय असेल ती शिक्षा मला द्या. पण ती पानं आत्ता बंद करा! अजून उघडी आहेत! एका पोरीला भररस्त्यात ओढलं, तिच्या आईचा हात मोडला, त्याला तीन दिवस झाले, आणि पानं अजून उघडी आहेत! कुणाची वाट बघताय? पुढच्या पोरीची?"

"हे हॅकिंग आहे!" दारातून जावईबापू ओरडले. "गुन्हा आहे हा!"

"कुलूपच नाही तिथे, फोडणार काय?" बाई गरजल्या. "आधी कुलूप लावा, मग मला चोर म्हणा!"

पालक उठले. खुर्च्या पडल्या. मावशींचा मुलगा आईच्या वतीने आला होता, तो व्यासपीठाच्या पायऱ्या चढायला लागला. सुट्टीनंतरच्या अपडेटशिवाय जे काम होणार नव्हतं ते वीस मिनिटांत झालं. ॲप बंद झालं. अध्यक्षांनी खुर्ची काही सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना निलंबनाचं पत्र मिळालं आणि संध्याकाळी घरी पोलीस आले. विद्यार्थ्यांची माहिती बेकायदा उघडल्याची तक्रार शाळेने केली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी. बाईंचा फोन आणि लॅपटॉप त्यांनी पिशवीत घालून नेले.

सायबर शाखेच्या अधिकारी बाई मध्यमवयीन होत्या, डोळ्यांखाली काळं. "किती पानं उघडलीत?" त्यांनी विचारलं.

"एका मुलाचं, एका मुलीचं, ठिपकीचं आणि अध्यक्षांच्या नातवाचं. चार."

"फोनवर तीन सापडली, चौथं सगळ्या सभेने पाहिलं. जुळतंय." अधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवला. "ॲपची कंपनी फक्त सात दिवसांच्या नोंदी ठेवत होती. त्या सात दिवसांत ही पानं बाहेरून नऊशे वेळा उघडली गेलीत. त्यातल्या दोनच वेळा तुम्ही, शनिवारी आणि सोमवारी."

"नऊशे? कुणी?"

"थोडी यंत्रं आहेत, असली पानं गोळा करत फिरणारी. थोडी माणसं आहेत. कोण, ते शोधतोय."

"आणि सात दिवसांच्या आधीचं?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते कुणालाच कधीच कळणार नाही. रोज असे सात-आठ मामले येतात माझ्याकडे, बाई. दुकान, दवाखाना, शाळा. सगळ्यांना सगळं ऑनलाइन हवं असतं आणि दार लावायला कुणाला वेळ नसतो. आणि रोज कुणीतरी मला हेच म्हणतं, कोण बघणार?"

चौकशी चार महिने चालली. शेवटी तक्रारीत तथ्य नाही असा शेरा पडला. कंपनीला दंड झाला; जावईबापूंनी ती बंद केली आणि महिन्याभरात दुसऱ्या नावाने नवी काढली. शाळेने मावशींचा सत्कार केला, मुलांना मागे उभं करून फोटो काढला आणि तो, मुलांच्या चेहऱ्यांसकट, नावांसकट, शाळेच्या फेसबुक पानावर टाकला. बाईंना तो दिसला तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांना फोन करून असे काही शब्द वापरले की जे त्यांना येतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. फोटो उतरला.

मग मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. टेबलावर टाइप केलेला माफीनामा होता. सभेत शाळेची बदनामी केल्याबद्दल दिलगीर आहे, असं काहीसं.

"सही करा आणि उद्यापासून कामावर या," मुख्याध्यापक म्हणाले. "मुलं विचारतात तुमच्याबद्दल. बाई, मीही त्या वेळी... माझाही नाइलाज होता."

"सर, तुमच्या सहीचा कागद कुठे आहे?"

"माझ्या कसल्या?"

"त्या आईला लिहिलेला. माझा मी लिहिला होता, त्याच शनिवारी रात्री. दुसऱ्या दिवशी द्यायला गेले तर खोलीला कुलूप होतं. तुम्ही लिहिलात?"

मुख्याध्यापकांनी टोपण काढून पेन पुढे सरकवलं. बाईंनी माफीनाम्याचे दोन तुकडे केले, ते त्यांच्याच टेबलावर नीट एकावर एक ठेवले आणि बाहेर पडल्या. नोकरी गेली. काही पालक घरी येऊन भेटले. काहींनी रस्त्यात तोंड फिरवलं, कारण ॲप बंद झाल्यापासून बस कुठे पोचली ते त्यांना कळत नव्हतं.

बाई आता नवऱ्याबरोबर हिंडतात. तो दुकानांत आणि दवाखान्यांत वायरिंग करतो, आणि त्या तिथली यंत्रं बघतात: काय उघडं आहे, कुणाचं नाव कुठे पडलंय, कुठला पासवर्ड अजून दुकानाच्याच नावाचा आहे. काही मालक ऐकतात. काही म्हणतात, "आमच्यासारख्या लहान माणसांकडे कोण बघणार?" असं म्हटलं की नवरा हळूच बाजूला सरकतो, कारण पुढे काय होणार ते त्याला माहीत असतं.

एका दुपारी बाईंना अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी बोलतेय," पलीकडचा आवाज म्हणाला. तो ठिपकीच्या आईचा होता.

बाई घाईघाईने म्हणाल्या, "कुठे आहात ते सांगू नका."

"नाहीच सांगणार." मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. "ती बोलायला लागली, एवढं सांगायला फोन केला. परवा नव्या शाळेत दाखल केली. त्यांनी फॉर्म पुढे केला. मी म्हटलं, हे कुठे ठेवणार, कोण बघणार, कुलूप कुणाकडे? तासभर भांडले. मागे रांग लागली होती, बायका चिडल्या माझ्यावर. शेवटी त्यांच्या वरच्या साहेबांना खाली यावं लागलं."

"मग?"

"मग रांगेतल्या दोघी-तिघी पण विचारायला लागल्या."

"मला माफ केलंत का?" असं बाईंना विचारावंसं वाटलं, पण त्यांनी विचारलं नाही.

आईनेच सांगितलं. "राग गेलेला नाही माझा," ती म्हणाली. "तुमच्यावरचा पण."

"माझाही गेलेला नाही," बाई म्हणाल्या.

"मग बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. बाईंनी तो नंबर खोडला.